गेम गिअरची दुरुस्ती : जुने कपॅसिटर आणि एक उखडलेला पॅड

मामेभावाने कपाट आवरताना सापडलेला गेम गिअर हा हातात धरून खेळायचा जुना कन्सोल माझ्या हातात दिला, तेव्हा त्याच्याविषयी दोनच गोष्टी सांगितल्या. तो कित्येक वर्षे बंद आहे, आणि बंद पडण्याआधी त्याचे चित्र इतके फिकट होत गेले होते की चित्र गडद-फिकट करणारी कडेची चकती अंगठ्याने सतत फिरवत राहिल्याशिवाय खेळताच येत नसे. मी सहा नवे सेल घातले आणि बटण सरकवले. लाल दिवा लागला, क्षणभर तसाच राहिला आणि विझला. पुन्हा सरकवले, तर पुन्हा तेच झाले. मला हे लक्षण आश्वासक वाटले, कारण दिवा लागून विझतो याचा अर्थ वीज आत पोहोचते आहे, पण तिला स्थिर ठेवणारे काहीतरी थकले आहे, आणि थकलेला भाग बदलता येतो.

जुने गेम कन्सोल आणि छोटी इलेक्ट्रॉनिक यंत्रे दुरुस्त करण्याचा छंद मला तोवर काही वर्षांचा होता, पण मी केलेली कामे सौम्य होती. कार्ट्रिजच्या तांबड्या-सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, खेळातली प्रगती (सेव्ह) जपणारा कार्ट्रिजमधला संपलेला लिथियम सेल बदलणे, पहिल्या गेम बॉयच्या पडद्यावर दिसेनाशा झालेल्या उभ्या रेघा, पडद्याला जोडणाऱ्या पट्टीच्या कडेवर गरम टोक हळूच फिरवून परत आणणे, एवढ्यावरच माझी मजल होती. या कामांत कन्सोलच्या मूळ सर्किट बोर्डावरून काही काढावे लागत नाही. गेम गिअरच्या बाबतीत मात्र बोर्डावरचे पंधरा-वीस कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून तिचा दाब स्थिर ठेवणारे छोटे भाग, काढून त्यांच्या जागी नवे बसवायचे होते, आणि काढताना झालेली इजा नंतर पुसता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच मी स्वतःला एक अट घालून घेतली. जे काही करायचे ते शक्यतो मागे नेता येईल असे करायचे, आणि जे मागे नेता येणार नाही त्याची नोंद ठेवायची, म्हणजे माझ्यानंतर हे यंत्र उघडणाऱ्याला अंदाज बांधत बसावे लागणार नाही.

सेगाचा हा हातातला कन्सोल जपानमध्ये १९९० साली आणि इतर देशांत १९९१ साली बाजारात आला. गेम बॉय त्याच्या एक वर्ष आधी आला होता. गेम बॉयला चार सेल लागत आणि त्याच्या पडद्यावर हिरवट रंगाच्या चार छटा दिसत. गेम गिअरमध्ये रंगीत आणि मागून उजेड असलेला पडदा होता. ४,०९६ रंगांतून एका वेळी ३२ रंग तो दाखवू शकत असे. त्या उजेडासाठी आत एक बारीक फ्लुरोसंट नळी होती, आणि तिच्यामुळेच सहा सेल तीन ते पाच तासांत संपत. हे यंत्र ज्या काळात घडले त्याच काळात कपॅसिटर बोर्डाच्या पृष्ठभागावर थेट चिकटवण्याइतके लहान केले जात होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस तयार झालेल्या अशा अनेक छोट्या ॲल्युमिनियम कपॅसिटरांत चतुर्थक अमोनियम क्षारांचा द्रव वापरला जाई. हा द्रव काळाच्या ओघात डबीच्या तळाचे रबरी बूच खातो आणि हळूहळू बाहेर झिरपतो. अमिगा ६०० व १२०० हे संगणक, पीसी इंजिन ड्युओ हा कन्सोल आणि त्या पिढीतली इतर बरीच यंत्रे आज याच कारणाने दुरुस्तीला येतात. यात कोणा एका निर्मात्याची हयगय नव्हती. वीस-तीस वर्षांनी तो द्रव काय करील हे तेव्हा कोणाच्याही अनुभवात नव्हते.

मागच्या झाकणाला साध्या स्क्रूंच्या जोडीला आत खोल बसलेला, सहा पाकळ्यांच्या डोक्याचा एक वेगळा स्क्रू असतो. त्याला ४.५ मिलिमीटरचे खास टोक लागते. वितळवलेल्या प्लास्टिकच्या पेनने तो काढण्याचे प्रकार मी पाहिले आहेत आणि ते करू नयेत असे माझे ठाम मत आहे, कारण त्याने स्क्रूचे डोके भरते आणि पुढच्या माणसासाठी तो कायमचा बंद होतो. झाकण उघडताना दोन्ही अर्धे भाग झटक्याने वेगळे केले नाहीत, कारण आतल्या बोर्डांना जोडणाऱ्या तारा तिथे असतात. पुस्तक उघडावे तसे हळूहळू ते टेबलावर पसरले.

आत तीन बोर्ड होते : एक मुख्य, एक विजेचा आणि एक आवाजाचा. भिंगातून पाहिल्यावर आजार उघड दिसला. कपॅसिटरांच्या चंदेरी डब्यांभोवती बोर्ड किंचित ओलसर, तपकिरी झाला होता, त्यांच्या पायांवरचे सोल्डर, म्हणजे भाग बोर्डाला जोडणारा धातू, चमक हरवून राखाडी पडले होते, आणि दोन ठिकाणी हिरव्या लेपाखालचा ट्रॅक, म्हणजे वीज वाहून नेणारी तांब्याची पट्टी, काळवंडला होता. नाक जवळ नेले तर शिळ्या मासळीसारखा मंद वास येत होता. गरम टोक लागताच हाच वास खोलीभर पसरतो. त्यामुळे खिडकी उघडी ठेवणे, धूर दूर खेचणारा छोटा पंखा लावणे आणि काम संपल्यावर हात साबणाने धुणे हे नियम मी कधीच मोडत नाही.

त्या संध्याकाळी मी सोल्डरिंग आयर्न तापवलेच नाही. प्रत्येक बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, कागदावर बोर्डाची आकृती काढून प्रत्येक कपॅसिटरचा क्रमांक, त्यावर छापलेले मूल्य, व्होल्टेज आणि ऋण बाजू कुठे आहे हे लिहिले. गेम गिअरच्या बोर्डाच्या अनेक आवृत्त्या आहेत आणि कपॅसिटरांची संख्या व मांडणी आवृत्तीप्रमाणे बदलते, त्यामुळे दुसऱ्याची तयार यादी आंधळेपणाने वापरण्यात धोका असतो. मल्टिमीटरवर काही कपॅसिटरांची धारिता (वीज साठवण्याची क्षमता) जवळजवळ बरोबर आली, पण अंतर्गत रोध मोजणाऱ्या मीटरने तेच कपॅसिटर निकामी असल्याचे दाखवले. नुसती धारिता मोजून भाग ‘चांगला’ ठरवण्याची सवय मी त्या दिवसापासून सोडली.

नवे भाग निवडण्यातही बराच वेळ गेला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. तसेच ॲल्युमिनियमचे कपॅसिटर बसवले तर यंत्राचे रूप मूळचे राहते, आणि आजच्या चांगल्या कपॅसिटरांतला द्रव त्या काळच्या द्रवासारखा रबर खाणारा नाही, पण द्रव आहे म्हणजे वयाची मर्यादाही आहे. टँटलमचे कपॅसिटर टिकतात, मात्र उलटे बसले किंवा व्होल्टेजची मर्यादा ओलांडली गेली तर ते पेट घेऊ शकतात. त्यातला सगळ्यात घातक बारकावा असा, की ॲल्युमिनियमच्या डबीवरचा काळा पट्टा ऋण बाजू दाखवतो आणि टँटलमच्या तुकड्यावरचा पट्टा धन बाजू दाखवतो. सवयीने काम करणारा हात इथेच फसतो. सिरॅमिक कपॅसिटरला धन-ऋण नसते आणि तो गळत नाही, पण त्यावर सतत व्होल्टेज असले की त्याची खरी धारिता छापील मूल्यापेक्षा बरीच खाली येते. मी विजेच्या आणि आवाजाच्या बोर्डासाठी नवे ॲल्युमिनियम कपॅसिटर घेतले आणि मुख्य बोर्डावर जिथे जागा अगदी अरुंद आहे तिथे जास्त मूल्याचे सिरॅमिक वापरले. व्होल्टेजची मर्यादा मूळ भागाइतकी किंवा त्याहून जास्त असावी, कमी कधीही नसावी, एवढे पथ्य सगळीकडे पाळले.

काढण्याच्या अनेक रीती आहेत. कोणी गरम हवेने काढतात, कोणी दोन आयर्न दोन पायांना एकाच वेळी लावतात, कोणी डबी कटरने वरून कापून मग पाय काढतात, आणि कोणी डबी खाली दाबून पिळून तोडतात. मी दोन आयर्नची रीत निवडली आणि पहिले सात-आठ कपॅसिटर तिने सुरळीत निघाले. द्रवाने बाधलेले सोल्डर सहजी वितळत नाही. टोक लावले तरी ते खरबरीत गोळ्यासारखे बसून राहते. त्यावर भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वाहू देणारा पदार्थ) आणि शिशाचे थोडे ताजे सोल्डर दिले की जुने-नवे एकजीव होते आणि मग सगळे एकदम पाण्यासारखे वाहू लागते. ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळते. मी टोकाचे तापमान ३३० अंशांच्या आसपास ठेवले होते आणि एका जागी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त थांबत नव्हते.

मुख्य बोर्डावरच्या नवव्या कपॅसिटरला मी घाई केली. त्याचा एक पाय वितळलेला दिसला, दुसराही वितळला असेल असे मी गृहीत धरले आणि चिमट्याने डबी उचलली. हाताला जाणवला तो अगदी हलका विरोध, ओल्या कागदावरून चिकटपट्टी सोडवताना जाणवतो तसा. डबी वर आली, आणि तिच्या पायाला तांदळाच्या कणीएवढा तांब्याचा पातळ पत्रा चिकटून आला. तो पॅड होता, म्हणजे भागाचा पाय ज्यावर जोडलेला असतो तो बोर्डावरचा तांब्याचा तुकडा. बोर्डावर त्याच्या जागी फिकट पिवळ्या रंगाचा उघडा चौकोन उरला होता. मी दोन्ही आयर्न स्टँडमध्ये ठेवले, वीज बंद केली आणि त्या रात्री पुढे काहीही केले नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगाखाली नीट पाहिले तेव्हा समजले की पॅड केवळ माझ्या ओढण्याने निघाला नव्हता. झिरपलेल्या द्रवाने तांबे आणि बोर्ड यांच्यामधली पकड आधीच कमकुवत केली होती. तरीही दुसरा पाय वितळेपर्यंत थांबले असते तर तो वाचला असता, हे खरे आहे. पॅडपासून निघणारा ट्रॅक केसासारखा बारीक होता आणि चार-पाच मिलिमीटरवर बोर्डाच्या दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या छिद्रात उतरत होता. मल्टिमीटरच्या सातत्य तपासणीने (विजेची वाट अखंड असली की तो वाजतो) तोच ट्रॅक असल्याची खात्री केली. छिद्राभोवतीचा हिरवा लेप पात्याच्या टोकाने, रेषाही न उमटेल इतक्या हलक्या हाताने खरवडला. खालचे तांबे गुलाबी चमकू लागल्यावर त्यावर फ्लक्स लावून सोल्डरचा पातळ थर चढवला. मग एनॅमलचा लेप असलेली बारीक तार घेतली, तिच्या टोकांवरचे एनॅमल गरम सोल्डरच्या थेंबात जाळून काढले, एक टोक छिद्रावर जोडले, तार मूळ ट्रॅकच्याच वाटेने वळवत आणली आणि दुसरे टोक नव्या कपॅसिटरच्या पायाला जोडले. पॅड उखडल्यामुळे कपॅसिटरचा एक पाय आता आधाराविना होता, म्हणून अतिनील उजेडात घट्ट होणाऱ्या लेपाचा थेंब त्याच्याखाली आणि तारेवर दिला. हे सगळे करायला सव्वा तास लागला. उरलेले कपॅसिटर काढताना चिमटा उचलण्यासाठी वापरला नाही. डबीला तो नुसता टेकवून ठेवायचा, सोल्डर खरोखर सुटले की ती आपोआप सरकते, आणि सरकेपर्यंत वाट पाहायची.

रिकाम्या बोर्डांची सफाई ही या कामातली सगळ्यात दुर्लक्षित पायरी आहे, असे मला वाटते. हा गळलेला द्रव अल्कलीधर्मी असतो, म्हणून आधी व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेला कापूस बाधलेल्या जागांवर फिरवला, नंतर शुद्ध पाण्याने ते आम्ल काढले आणि शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रशने सगळे पुसून बोर्ड रात्रभर वाळू दिले. नवा कपॅसिटर जुन्या द्रवावर बसवला तर दुरुस्ती झाल्यासारखी दिसते, पण ट्रॅक खाल्ला जाणे खालून सुरूच राहते.

नवे भाग बसवल्यानंतर सगळे एकदम जोडून बटण सरकवण्याचा मोह आवरला. विजेचा बोर्ड बिघडलेला असेल तर तो मुख्य बोर्डावरच्या चिपना चुकीचे व्होल्टेज पोहोचवू शकतो, आणि त्या चिप आज नव्याने बनत नाहीत. म्हणून प्रवाहाची मर्यादा ठरवता येणाऱ्या वीजपुरवठ्यावर आधी एकटा विजेचा बोर्ड तपासला. त्यातून चिपसाठी पाच व्होल्ट आणि पडद्यासाठी तीस व्होल्टच्या वरचा दुसरा दाब बाहेर येतो. पाच व्होल्टचा आकडा छोटासा भार जोडूनही हलला नाही, तेव्हाच तिन्ही बोर्ड एकत्र केले.

लाल दिवा लागला आणि लागलेला राहिला. मागची नळी उजळली, चित्र उमटले, आणि चकती फिरवल्यावर ते खरोखर गडद-फिकट होऊ लागले. आवाज मात्र आला नाही. आवाजाच्या बोर्डावरचा सोल्डरचा प्रत्येक जोड मी पुन्हा तपासला, त्यात दोष नव्हता. शेवटी सुरुवातीला दिसलेला एक काळवंडलेला ट्रॅक आठवला. वरून तो अखंड दिसत होता, पण मल्टिमीटरची एक सुई एका टोकाला आणि दुसरी दुसऱ्या टोकाला ठेवली तर काहीच वाजेना. लेप खरवडला तेव्हा तांब्याच्या जागी हिरवी भुकटी निघाली. पुन्हा तीच एनॅमलची तार, तोच सव्वा तास. या खेपेस बटण सरकवल्यावर स्पीकरमधून आलेला पहिला सूर मी खुर्चीत मागे टेकून पूर्ण ऐकला.

पुढचे चार महिने मी मूळ पडदा तसाच ठेवून त्यावर खेळले, कारण फेरबदल करण्याआधी मूळ अनुभव काय होता हे जाणून घेणे मला आवश्यक वाटत होते. त्या पडद्यावर वेगाने सरकणाऱ्या गोष्टी मागे धूसर शेपूट सोडतात, रंग फिके आहेत आणि पाहण्याचा कोन जरा बदलला की चित्र नाहीसे होते. पण त्या संथपणाचा उपयोग करून घेणारे गेमही होते. एखादी आकृती एका फ्रेममध्ये दाखवायची आणि पुढच्या फ्रेममध्ये लपवायची, की संथ पडद्यावर ती अर्धपारदर्शक सावलीसारखी दिसे. नव्या, तत्पर पडद्यावर तीच सावली लुकलुकते. फेरबदल म्हणजे निव्वळ सुधारणा, अशी जी समजूत असते ती मला म्हणूनच अपुरी वाटते. त्यात काही मिळते आणि काही जाते.

तरीही नळीचा उजेड एका कोपऱ्यात पिवळा पडू लागल्यावर मी नवा आयपीएस पडदा (कोन बदलला तरी स्पष्ट दिसणारा आधुनिक पडदा) बसवायचे ठरवले. बाजारात असे अनेक संच मिळतात. त्यांपैकी ज्यांच्यासाठी आवरणाच्या आतल्या कडा कापाव्या लागतात ते मी बाजूला ठेवले. कापलेले प्लास्टिक परत जोडता येत नाही, आणि हे आवरण तर मामेभावाच्या लहानपणीच्या ओरखड्यांसकट जपायचे होते. निवडलेल्या संचासाठी मुख्य बोर्डावरून नळीला वीज पुरवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर मात्र काढावा लागणार होता. यंत्र चालू असताना त्याच्या जागी शेकडो व्होल्टचा दाब असतो, त्यामुळे सेल काढून बराच वेळ थांबल्यावरच तिथे हात लावला. ट्रान्सफॉर्मर, मूळ पडदा आणि नळी एका डबीत ठेवली. ट्रान्सफॉर्मरची कोणती बाजू बोर्डाच्या कोणत्या कडेला होती ते त्याच्यावरच शाईने लिहिले.

जोडायच्या तारा थोड्याच होत्या, पण चित्राची मापे जुळवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. गेम गिअरचे चित्र १६० बाय १४४ ठिपक्यांचे आहे, पण मूळ पडद्यावर ते ठिपके चौरस नसून उंचीपेक्षा थोडे जास्त रुंद होते. नव्या पडद्यावर प्रत्येक ठिपका आडवा-उभा सारखाच तिप्पट केला तर चित्र काचेसारखे स्वच्छ दिसते, पण गोल चेंडू उभट होतो. रुंदी वाढवली तर चेंडू गोल होतो आणि मग काही उभ्या रेघा शेजारच्या रेघांपेक्षा किंचित जाड दिसतात. मी गोल चेंडू निवडला. ज्यांनी ती चित्रे ठिपका-ठिपका मांडून रेखाटली त्यांनी रुंद ठिपके डोळ्यांसमोर ठेवूनच ती रेखाटली होती, आणि त्यांच्या चेंडूला गोल राहण्याचा हक्क आहे असे मला मनापासून वाटले.

प्रत्येक कपॅसिटरचा क्रमांक आणि मूल्य, दोन्ही एनॅमल तारांच्या जागा, काढलेला ट्रान्सफॉर्मर आणि कामाची तारीख असा कागद घडी घालून मी झाकणाच्या आत, कशालाही न टेकेल अशा जागी चिकटवला आणि स्क्रू आवळले. मूळ भागांच्या डबीसह यंत्र मामेभावाला परत दिले. नवा पडदा कसा दिसतो, रंग कसे वाटतात, असे मी विचारत होते, पण त्याने उत्तर दिले नाही, कारण गेम सुरू झाला होता. त्याचा अंगठा मात्र आपोआप कडेच्या चकतीवर गेला आणि ती थोडी पुढे, थोडी मागे फिरवू लागला. नव्या संचात ती चकती उजेड कमी-जास्त करते. त्याने ती दोनदा फिरवली, चित्र जागच्या जागी राहिले, आणि मग अंगठा उचलून त्याने बटणावर ठेवला.